धरण उशाला, मग नळ कोरडा का?

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका मुंबईची तहान भागवतो. तानसा धरण याच तालुक्यात आणि भातसाही याच तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते आहे. मुंबईला सात तलावांतून रोज मिळणाऱ्या पाण्यात आज जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा असतो. पावसाळ्यात हा सगळा परिसर चिंब भिजतो, ओहोळ दुथडी भरून वाहतात. तरीही मार्च उलटला की तालुक्यातल्या डोंगराळ पाड्यांना टँकर लावावा लागतो. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरणाऱ्या बायांचे फोटो एप्रिलमध्ये छापून येतात, जूनमध्ये पाऊस पडतो आणि विषय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिटतो.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ या म्हणीत राग आहे आणि तो रास्त आहे. पण पाणी शहराने नेले, एवढ्याने कोडे सुटत नाही. उद्या भातसाचे निम्मे पाणी तालुक्यालाच द्यायचे ठरले, तरी ते आपोआप पाड्यावर चढणार नाही. शिवाय धरणांपासून दूर असलेल्या गावांतही मोठा खर्च करून बांधलेल्या नळपाणी योजना काही वर्षांत बंद पडतात. टाकी उभी असते, अंगणात नळही असतो, पाणी तेवढे नसते. वंचित वस्तीला नळाचे पाणी द्यायचे तर पैसा नेमका कुठे घालावा लागतो, हे समजण्यासाठी पाणी नळापर्यंत कसे येते ते आधी पाहायला हवे.

उताराचे पाणी, चढाचे पाणी

धरण दरीत बांधतात, कारण पाणी तिथे साठते. तानसा तलाव मुंबईपेक्षा बराच उंचावर आहे, त्यामुळे तिथले पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून उताराने शहराकडे येते. अनेक पाडे मात्र जलाशयाच्या पातळीपेक्षा वर, डोंगराच्या सोंडेवर नाहीतर पठारावर वसलेले. पाणी डोळ्यांसमोर दिसते, पण ते खाली असते आणि चुली वर पेटतात.

पाणी वर चढवायला किती खर्च येतो? हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते १०० मीटर उंच न्यायला, काहीच वाया जात नाही असे धरले तर, पाव युनिटपेक्षा जराशी जास्त वीज लागेल. प्रत्यक्षात पंप, मोटर आणि पाइपमधले घर्षण मिळून जवळजवळ निम्मी ऊर्जा खातात. म्हणून हजार लिटरला अर्धे युनिट धरावे. आकडा किरकोळ वाटतो. पण रोज लाखभर लिटर चढवायचे झाले की रोज पन्नास युनिटे झाली, आणि तीही वर्षाचे बाराही महिने.

म्हणूनच शहापूरसाठी इगतपुरीजवळच्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखली गेली. भावली घाटावर आणि शहापूर घाटाखाली. पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येणार, म्हणजे ते चढवण्याचे बिल गावांच्या डोक्यावर बसणार नाही. जलवाहिनी लांब असल्याने सुरुवातीला पैसा जास्त लागतो, पण पुढची तीस वर्षे तो दरमहा वाचतो. जवळच्या धरणातून पंपाने आणलेले पाणी बांधायला स्वस्त आणि चालवायला महाग पडते. दूरच्या उंच धरणातून आलेल्या पाण्याचे गणित नेमके उलटे. कुठली योजना ‘परवडते’ हे ठरवताना बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबर तीस वर्षांचे वीजबिलही मांडायला हवे, ते इतक्याचसाठी.

टाकीपासून नळापर्यंत

नळपाणी योजनेचे भाग मोजकेच असतात. पाणी जिथून घ्यायचे ती विहीर, बोअर किंवा धरण, ज्याला सरकारी भाषेत ‘उद्भव’ म्हणतात. मग पंप, पंपापासून टाकीपर्यंतची ऊर्ध्ववाहिनी, गावातली उंच टाकी, आणि तिथून गल्लोगल्ली जाणारे पाइप. टाकी उंच बांधतात ती दाबासाठी. पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असली की नळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. पाइप जितका लांब आणि बारीक, तितका हा दाब वाटेत खर्ची पडतो.

आता गावातली सकाळ पाहा. पाणी सोडणारा कर्मचारी चावी घेऊन येतो आणि पहिला व्हॉल्व्ह उघडतो. खालच्या आळीतले हंडे धडाधड भरतात. वरच्या आळीतल्या नळाला आधी फुसफुस हवा येते, मग करंगळीएवढी धार. वरच्या घरातला कुणीतरी वैतागून नळाच्या जोडणीलाच विजेची मोटर लावतो आणि पाइपमधले पाणी ओढून घेतो. त्याचे पाहून शेजारी मोटर घेतो. टोकाच्या वस्तीपर्यंत मग काहीच पोहोचत नाही, आणि ही टोकाची वस्ती बहुतेक गावांत कुणाची असते ते सांगायला नको.

यात आरोग्याचाही धोका दडलेला आहे. पाणी तासभर येते आणि बंद होते, तेव्हा पाइप रिकामा होतो. मोटर लावली तर पाइपमध्ये चक्क ओढ तयार होते. पाइपला कुठे चीर असेल आणि तिच्या बाजूने गटार वाहत असेल, तर ते घाण पाणी चिरेतून आत खेचले जाते. पाइप चोवीस तास दाबाखाली भरलेला असला, तर गळती बाहेरच्या दिशेने होते. पाणी वाया जाते, पण घाण आत येत नाही. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने म्हणूनच चोवीस तास पाणी आणि प्रत्येक घराला मीटर अशी योजना राबवली. जितका वापर जास्त तितका दर चढा, असा तिथला हिशेब. नळ कधीही सोडला तरी पाणी येणार, याची खात्री पटली की साठवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळे’ म्हणून ओतून द्यायची सवय सुटते.

गावात पाण्याच्या शुद्धतेची राखण होते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीने. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम हे तिचे प्रमाण. ती टाकीत टाकली की काम संपत नाही, क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत उरला पाहिजे. भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. ते पाहण्याची ओटी टेस्ट सोपी आहे: छोट्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, ओटीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. चाचणी नेहमी टाकीजवळच्या नळावर होते आणि अहवाल छान येतो. खरे चित्र कळते टोकाच्या घरातल्या नळाला.

खडकाच्या पोटात किती पाणी?

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट या काळ्या कातळाचा आहे. हा दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि कातळातल्या भेगांमध्ये. हा थर पातळ असतो. तो पावसाळ्यात लवकर भरतो, भरल्यावरचे पाणी ओढ्याला लागून निघून जाते, आणि जे उरते ते डोंगरउतारावरून हळूहळू खाली झिरपत राहते. पाऊस कितीही पडो, साठवण तेवढीच. भरपूर पावसाच्या कोकणपट्टीतल्या विहिरी उन्हाळ्यात आटतात, त्याचे मुख्य कारण हे.

नळयोजनेची विहीर नोव्हेंबरमध्ये पाहिली तर तुडुंब दिसते. तिची खरी परीक्षा मे महिन्यात असते. उपसा केल्यावर मे महिन्यात ती किती तासांत पुन्हा भरते, हे न मोजता टाकी आणि पाइप यांवर पैसा घातला, तर योजना आठ महिन्यांचीच होते.

दुसरी अडचण शेजारच्या बोअरची. गावाच्या विहिरीलगत उसासाठी खोल बोअर घेतली की त्याच भेगांतले पाणी तिकडे वळते. १९९३च्या राज्याच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. २००९च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यावर निर्बंध आणले. कायदे आहेत, पण बोअरचे यंत्र रात्रीतून येऊन जाते. हिवरे बाजारसारख्या गावाने शेतीसाठी बोअरला स्वतःहून बंदी घातली आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. त्या गावाचे पिण्याचे पाणी टिकले ते या शिस्तीने. ही शिस्त नसेल, तर उद्भवावर ओतलेला पैसा शेजारच्या शेतात मुरतो.

उद्भव आटला की उन्हाळा किती अवघड होतो, हे लातूरने २०१६मध्ये दाखवून दिले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सोडावी लागली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी आले. लातूरला नळ नव्हते किंवा पाइप नव्हते असे नाही. त्यांच्या दुसऱ्या टोकाला पाणी नव्हते.

म्हैस घेतली, वैरणीचे काय?

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१९ला जलजीवन मिशनची घोषणा केली. ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असे उद्दिष्ट ठरले. तेव्हा देशात ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२५च्या सुरुवातीला हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला आणि अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८पर्यंत वाढवली गेली. सुरुवातीचा अंदाजित खर्च ३.६० लाख कोटी रुपये. २०१९मध्ये नळ नसलेल्या सुमारे १६ कोटी घरांना तो वाटून पाहिला, तर घरामागे साधारण २२ हजार रुपये येतात. एका कुटुंबाच्या पाण्यासाठी हा खर्च अवाजवी म्हणता येणार नाही.

पण हा झाला एकदाचा खर्च. कर्ज काढून म्हैस दारात आणता येते. दूध मिळायचे तर वैरण रोज लागते आणि ती कर्जाच्या रकमेत धरलेली नसते. नळयोजनेची वैरण किती लागते, याचा एक ढोबळ हिशेब मांडू. आकडे मानलेले आहेत, पण प्रमाण खरे आहे.

गाव ४०० घरांचे, वस्ती २,०००. रोज माणशी ५५ लिटर म्हणजे १,१०,००० लिटर. एकूण चढ १०० मीटर. हजार लिटरला अर्धे युनिट धरले, तर रोज ५५ युनिटे, महिन्याला १,६५०. युनिटला सात रुपये दराने वीजबिल साडेअकरा हजार. पाणी सोडणाऱ्याचे मानधन १० हजार. टीसीएल आणि पाणीतपासणी दीड हजार. व्हॉल्व्ह, गळती, मोटर जळाली तर वाइंडिंग यांसाठी बाजूला टाकायचे ७ हजार. बेरीज सुमारे ३० हजार. ती ४०० घरांत वाटली, तर घरटी महिन्याला ७५ रुपये पाणीपट्टी पडते.

सगळ्यांनी भरली तर योजना चालते. निम्म्यांनीच भरली, तर पहिला फटका वीजबिलाला बसतो. थकबाकी वाढली की जोडणी तोडली जाते. पाणी बंद झाले की उरलेलेही भरणे थांबवतात. पाणीच येत नाही, मग पट्टी कसली, हा त्यांचा सवाल चुकीचा नसतो. वसुली थांबली म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून वसुली नाही. अनेक गावांना मिळून बांधलेल्या प्रादेशिक योजना या फेऱ्यात लवकर सापडतात, कारण एका गावाने पैसे थकवले की शेजारचे गावही हात आखडते घेते.

केंद्र सरकारने २०२२मध्ये केलेल्या पाहणीत नळ असलेल्या घरांपैकी ६२ टक्के घरांनाच पुरेसे, नियमित आणि पिण्यायोग्य असे तिन्ही कसोट्यांवर उतरणारे पाणी मिळत होते. म्हणजे नळांचा आकडा आणि पाण्याचा आकडा वेगवेगळा मोजावा लागतो.

लहान पाड्याचे मोठे बिल

आता तोच हिशेब ८० घरांच्या पाड्याला लावून पाहा. पाणी कमी, त्यामुळे वीजबिल २,३०० रुपयांच्या आसपास. टीसीएलचे चारशे. पण पाणी सोडणारा माणूस पूर्णच लागतो: १० हजार. विखुरलेल्या घरांमुळे पाइप लांब, म्हणून दुरुस्तीला ४ हजार. बेरीज १६,७०० रुपये आणि घरटी महिन्याला दोनशेच्या वर. मोठ्या गावातल्या शेतकऱ्याला ७५ रुपये आणि पाड्यावरच्या मजुराला २०९ रुपये, तेही पाणी दोघांना सारखेच.

या विषयाची गाठ इथे आहे. जे सर्वांत गरीब, तेच सर्वांत विखुरलेले आणि सर्वांत उंचावर; म्हणून त्यांचेच पाणी सर्वांत महाग. ‘योजना बांधून दिली, आता लोकांनी चालवावी’ हे धोरण मोठ्या गावाला लागू पडते, पाड्यावर कोसळते. जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामांसाठी लोकवर्गणी साधारण १० टक्के, तर डोंगराळ, वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांना ५ टक्के धरली. बांधकामात ही सवलत मिळते. चालवण्याच्या खर्चातही तशीच सवलत ठेवणे ओघानेच येते.

खर्च मुळातच कमी करण्याचे मार्गही आहेत. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने वाड्या-पाड्यांसाठी राबवलेली सौर दुहेरी पंप योजना हा त्यातला एक. एकाच बोअरवर हातपंपही ठेवायचा आणि सौर पंपही बसवायचा. उन्हात पंप ५,००० लिटरची टाकी भरतो, तिथून पाणी नळाला येते. ढगाळ दिवशी किंवा पंप बिघडला तर हातपंप हाताशी असतोच. वीजबिलाचा प्रश्नच येत नाही. चार-पाच पाड्यांना मिळून एकच प्रशिक्षित दुरुस्ती कारागीर नेमला, तर मानधनाचाही भार वाटला जातो.

शहरात अडथळा कागदाचा

शहरातल्या वंचित वस्तीला डोंगर आडवा येत नाही, कागद येतो. मुख्य जलवाहिनी वस्तीच्या शेजारून जाते, पण घर ‘अनधिकृत’ असल्याने जोडणी मिळत नाही. मग तेच पाणी कॅनने विकत घ्यावे लागते. महापालिकेचा झोपडपट्टीसाठीचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत असताना, कॅनचे पाणी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये निकाल दिला की घर बेकायदा असले तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२मध्ये मुंबई महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. गरीब माणूस पाण्याला पैसे देत नाही, हा समज इथे खोटा ठरतो. तो सर्वांत जास्त देतो, फक्त त्याची पावती नसते.

परतावा कुठे दिसतो?

पाण्यातला पैसा पाणीपट्टीतून क्वचितच परत येतो, पण दुसऱ्या खात्यांत जमा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये अंदाज मांडला की भारतातल्या प्रत्येक घराला सुरक्षित नळपाणी मिळाले, तर अतिसाराने होणारे सुमारे चार लाख मृत्यू टळतील आणि पाणी भरण्यात जाणारे रोजचे साडेपाच कोटी तास वाचतील. हे तास मुख्यतः बायकांचे आणि मुलींचे. मजुरीचा बुडालेला दिवस, शाळेचा बुडालेला तास आणि दवाखान्याचे बिल, यांची बेरीज सरकारी योजनेच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून ‘तोट्यातली योजना’ हा शिक्का इतक्या सहज बसतो.

चौकट: पैसा कुठे लावावा?

• आधी उद्भव: मे महिन्यात पाणी किती, हे मोजल्याशिवाय पाइप टाकू नयेत. पाणलोटाची कामे आणि उद्भवाचे संरक्षण योजनेच्या खर्चातच धरावे.
• शक्य तिथे गुरुत्वाकर्षण किंवा सौर पंप: बांधकाम महाग पडले तरी चालवणे स्वस्त.
• चालवण्याचा खर्च पहिल्याच दिवशी मांडावा. मोठी गावे पाणीपट्टीतून भागवतील. लहान पाड्यांना कायमचे अनुदान हवे.
• पाणी सोडणाऱ्याला प्रशिक्षण, हत्यारे आणि वेळेवर मानधन.
• यश मोजावे ते टोकाच्या घरी, मे महिन्यात.

ग्रामसभेत विचारा

पैसा अगदीच नाही असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला, त्यातला निम्मा पाण्यासाठी. गावची पाणीपुरवठा समिती कायद्याने अस्तित्वात असते आणि तिच्यात किमान निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. कागदावर सगळे आहे; विचारणारे हवेत.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा चार प्रश्न घेऊन जा. आपल्या उद्भवाला मे महिन्यात किती पाणी असते? पंपाचे वीजबिल किती थकले आहे? पाणीपट्टीची वसुली किती घरांकडून होते? आणि ओटी टेस्ट शेवटची कुठल्या घरी झाली? योजनेच्या उद्घाटनाची फीत कुणी कापली यापेक्षा या चार उत्तरांवर तुमच्या नळाचे पाणी ठरते. उत्तरे मिळाली नाहीत, तर ती लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.